नकाशाला पटेपर्यंत

पूल होईपर्यंत गाड्या येत नव्हत्या, ते मला समजत होतं. ओढ्यात खोदकाम, रस्त्यावर मुरमाचा ढीग आणि ढिगावर 'रस्ता बंद'ची पाटी, मग गाडी येणार कुठून? पण पूल झाला, डांबर पडलं, गावच्या म्हशीसुद्धा त्यावरून ऐटीत जायला लागल्या आणि तरीही गाड्या येईनात, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आमचा ढाबा नळदुर्गहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हैदराबादकडून देवीला येणारी माणसं नळदुर्गच्या फाट्यावर हमरस्ता सोडतात आणि आमच्या दारावरून जातात. गावची माणसं ढाब्यावर जेवत नाहीत, त्यांची चूल घरी आहे. आमची चूल पेटायची ती या शहरातल्या गाड्यांवर. मी ढाबा सुरू केला तेव्हाच मला एक नियम कळला होता आणि तो आजवर चुकला नाही. देवीला जाताना गाडी पिठलं-भाकरी मागते, आणि दर्शन घेऊन परत येताना मटण मागते. जातानाची माणसं गुमान जेवतात, येतानाची मोठमोठ्यानं बोलतात. भाकरी थापायचं काम आमच्या मालकांचं. त्यांच्याएवढी मोठी आणि पातळ भाकरी आमच्या पंचक्रोशीत कुणी बाई थापत नाही, हे मी बाई असून सांगते. बाकी सगळं माझ्याकडं. रांधणं, गल्ला, आणि गरज पडेल तसं ओरडणं.

तो पावसाळा मात्र माशा मारण्यात गेला. आमचा लेक पुण्यात टॅक्सी चालवतो. त्याचा रोज फोन यायचा. "आई, ढाब्यात आता राम राह्यला न्हाय. तुमी दोघं इकडं या. सोसायटीत वॉचमनची जागा हाय, म्या बोलून ठेवलंय."

वॉचमन कोण होणार, तर आमचे मालक. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्याच्या गाड्यांना फाटक उघडणार. ते 'बरं' म्हणाले. त्यांचा स्वभावच तसा आहे, नको असलं तरी मान हलवतात. पण त्या दिवशी गिऱ्हाईक नसताना ते परातीत पीठ घेऊन बसले आणि एक भाकरी थापून ती तशीच मोडून परत पिठात मिसळली. दोन-तीनदा तसंच केलं. आणि मला वाईट वाटलं की मी रागावते, माझं ते जुनंच दुखणं आहे. मी लेकाला फोनवर ओरडून सांगितलं, "दसऱ्यापतुर गाड्या आल्या न्हायत तर म्याच कुलूप लावते. मग घेऊन जा तुझ्या बापाला." त्याच तावात मी नळदुर्गला गेले आणि एक भलं मोठं कुलूप विकत आणलं. ते गल्ल्याशेजारी ठेवलं. येता-जाता दिसायचं आणि आणखी राग यायचा.

पुण्यात दोन खणांची खोली मिळेपर्यंत सून आमच्याकडं होती. पोरगी शिकलेली, पण सारखं डोकं त्या मोबाइलमध्ये. मी दिवसातून दहा वेळा तिला त्यावरून टोचायचे. एका दुपारी ती मोबाइल घेऊन माझ्यापुढं आली.

"आत्या, गाड्या का येत न्हाईत ते घावलं. आपला रस्ता बंद हाय."

"कोन म्हंतंय?"

"ह्यो."

तिनं नकाशा दाखवला. शहरातली माणसं गाडी चालवताना समोर लावून बसतात तो. कुठं गर्दी आहे, कुठं खोदलंय, कुठून वळायचं, सगळं तो सांगतो. बाकीचे रस्ते त्यात निळे-हिरवे होते. आमच्या रस्त्यावर तेवढी लाल तुटक रेघ होती आणि पुलाच्या जागी एक गोल चिन्ह. म्हणजे काम चालू, जाऊ नका. पूल खोदला तेव्हा कुणीतरी ते नोंदवलं होतं. पूल झाल्याचं कुणी नोंदवलं नव्हतं. हैदराबादची गाडी फाट्यावर आली की नकाशा तिला सरळ पुढं पाठवायचा आणि लांबच्या वळशानं तुळजापूरला न्यायचा.

माझा विश्वास बसेना. त्या फोनच्या शब्दावर कुणी अख्खा रस्ता सोडील? मी मालकांना मोटारसायकल काढायला लावली आणि फाट्यावर जाऊन उभी राहिले. हैदराबादची एक पांढरी गाडी आली, मी हात आडवा केला. ड्रायव्हरनं काच खाली केली.

"तुळजापूर जाना है ना? इदरसे जाव, रस्ता खुला है," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग समोरच्या फोनकडं पाहिलं. "अम्मा, मॅप में रोड बंद बतारा."

"अरे मैं उदरसेच आयी ना! नवा पूल है, चकाचक!"

"मॅप में बंद बतारा," तो पुन्हा म्हणाला आणि त्यानं काच वर केली.

मागच्या गाडीनंही तेच केलं. तिसऱ्या गाडीतल्या बाईंनी मला पाच रुपये द्यायला हात बाहेर काढला. मी मागं सरले. माझं वय पन्नास, त्या रस्त्यावर ढाबा चालवण्यात माझी अकरा वर्षं गेलेली, आणि माझ्या शब्दापेक्षा वीतभर काचेचा शब्द मोठा ठरला. मला रस्त्यात उभं राहून रडू आलं. मालक म्हणाले, "चल घरी."

आमच्या शेजारी पंक्चरचं दुकान आहे. दुकानाचे मालक म्हातारे, सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. मी त्यांच्या बाकावर बसून नकाशाला शिव्या घातल्या. त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवून ऐकून घेतल्या.

"ताई, त्या फोनशी भांडून काय उपेग? त्याला कान हायत का?"

"मग काय हाय त्याला?"

रात्री लेकाचा फोन आला तेव्हा मी त्यालाच विचारलं. तो दिवसभर त्याच नकाशावर गाडी चालवतो. तो म्हणाला, "आई, त्याला रस्ता दिसत न्हाय. त्याला फोन दिसत्यात. ज्या रस्त्यानं फोन पळत्यात त्यो चालू, जिथं फोन हळू सरकत्यात तिथं गर्दी, आन जिथं फोनच न्हाईत त्यो बंदच ऱ्हातो."

मी म्हटलं, असं कसं? दूधवाले दोन वेळा त्या पुलावरून जातात. शाळेच्या बाई स्कूटीवर जातात. सोयाबीनवर फवारायला सारं गाव जातं. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. ते त्याला दिसत नाहीत?

सकाळी सुनेनं चाचांच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांचे फोन मागून घेतले आणि एकेक बघितला. एकाचंही लोकेशन चालू नव्हतं. कुणी म्हणालं बॅटरी उतरते, कुणी म्हणालं नेट संपतं. दूधवाल्यांनी तर तिलाच विचारलं, "सूनबाई, आपल्याच शेताला जायला नकाशा लावतं व्हय कुणी?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जे या रस्त्यानं जातात ते नकाशा लावत नाहीत आणि जे नकाशा लावतात ते या रस्त्यानं जात नाहीत. अशानं तो रस्ता जन्मात उघडला नसता. यात शहरातल्या ड्रायव्हरचं काही चुकलं नव्हतं आणि आमचंही नव्हतं, तरी मी दोघांवरही रागावून घेतलं.

आता पुढचं जे झालं त्यात दोष माझा आहे, म्हणून तेही लिहिते. मी ठरवलं की सगळ्या गावानं फोन चालू करून पुलावरून जायचं. गणपतीचे दिवस होते, पोरांच्या मंडळाची हलगी हाताशी होती. त्यात त्या पुलाचं उद्घाटनही राहिलेलं. मोठ्या साहेबांची तारीख मिळत नव्हती म्हणून 'रस्ता बंद'ची पाटीही कठड्याला टेकून तशीच उभी होती. आमच्याकडं नारळ फुटल्याशिवाय आणि वाजल्याशिवाय कुठलीही गोष्ट सुरू झाली असं कुणाला वाटत नाही. मी म्हटलं, साहेब नसतील तर चाचा आहेत. गावात सगळ्यात म्हातारं माणूस तेच.

रविवारी सकाळी अख्खं गाव पुलावर जमलं. फीत आणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, तेव्हा चाचांनी दुकानातून जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून आणली आणि दोन कठड्यांना बांधली. पंक्चरच्या कात्रीनं त्यांनी ती कापली. मालकांनी नारळ फोडला. सुनेनं नकाशाला पाठवायला पुलाचा फोटो काढला, पण सगळ्यांनाच त्यात यायचं होतं. पुढं लेकरं बसली, मागं बाया उभ्या राहिल्या, कठड्यावर पोरं चढली. फोटो फार छान आला, त्यात पूल तेवढा दिसत नव्हता.

मग मिरवणूक निघाली. दीडशे माणसं तरी असतील, प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येकाचं लोकेशन चालू. हलगी कडाडत होती. पोरं दहा पावलं पुढं जायची आणि दहा मिनिटं नाचायची. पुलापासून ढाब्यापर्यंत यायला दुपार झाली. मीही फुगडी घातली. गुडघे दोन दिवस दुखले, पण मला वाटत होतं, आता बघू कसा बंद दाखवतो ते.

ढाब्यावर येऊन सुनेनं नकाशा उघडला आणि तिचा चेहरा उतरला.

"आत्या, तुटक रेघ गेली."

"मग त्वांड का पाडलंस?"

"आता रस्ता काळपट लाल झालाय. लई मोठी गर्दी दाखवतोय. गाड्यांना म्हंतोय, तिकडं जाऊ नगा, तासभर अडकाल."

आम्ही वाजतगाजत आमच्याच रस्त्यावर गर्दी करून ठेवली होती. लेकानं सांगितलं होतं, जिथं फोन हळू सरकतात तिथं गर्दी. ते मी ऐकलं होतं आणि हलगीच्या नादात विसरले होते. त्या दिवशी देवीला निघालेल्या एखाद्या गाडीला तो रस्ता चुकून दिसलाच असेल, तर तिलाही आम्ही नाचून हुसकून लावलं. मला तो फोन ओढ्यात फेकावासा वाटला. तेवढ्यात मागून आवाज आला. मालक हसत होते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या पावसाळ्यात मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठं पळाला. चाचा हसले, सून हसली, मग मीही हसले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ती तुटक लाल रेघ नकाशावर परत आलेली.

त्या दिवसापासून मी सुनेच्या हातात कारभार दिला. हे लिहायला सोपं आहे, करायला मला जड गेलं. ती म्हणाली, एक दिवसाचं काम न्हाय, रोज जायचं, आन वाहनावरच जायचं, नेहमीच्या वेगानं. तिनं पुलाचा नवा फोटो काढून पाठवला. या वेळी त्यात एकही माणूस येऊ दिलं नाही, मलासुद्धा बाजूला व्हायला सांगितलं. कठड्याला टेकलेली पाटी मी स्वतः उचलून ठेकेदाराच्या माणसाकडं नेली. तो म्हणाला, "हुती तिथंच ठेवा." मी ती पुलाजवळ परत ठेवली, पण पालथी.

दूधवाले सकाळ-संध्याकाळ नकाशा लावून जाऊ लागले. शाळेच्या बाई जाता-येता लावू लागल्या. भाजीचे टेम्पो, खताची गाडी, ज्याला सून दिसेल त्याला ती थांबवून लोकेशन चालू करून द्यायची. चाचा आपल्या जुन्या मोपेडवर हौसेनं तीन फेऱ्या मारून आले. सुनेनं नकाशा बघितला आणि हात जोडले.

"चाचा, तुमी फोन बंद ठिवा. तुमच्यामुळं रस्ता पिवळा व्हायलाय."

चाचांना ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपला फोन दूधवाल्यांच्या खिशात द्यायला सुरुवात केली. म्हणाले, "मी न्हाय तर माझा फोन तरी पळू दे."

आणि मी सुनेच्या स्कूटीवर मागं बसायचे, ओटीत चार फोन घेऊन. एक माझा, एक मालकांचा, दोन शेजारणींचे. पुलाजवळ आलं की फोन विचारायचा, इथं रस्ता बंद असल्याचं कळलंय, अजून बंद आहे का? मग मी चारी फोनवर 'नाही' दाबायचे. पहिल्या दिवशी मी घाईत एकावर 'हो' दाबून बसले. सुनेनं स्कूटी थांबवली, वळवली, आणि काही न बोलता परत पुलावरून नेली. तिच्या जागी मी असते तर गावाला ऐकू जाईल एवढी बोलले असते. त्या दिवसापासून मी तिला मोबाइलवरून टोचायचं सोडलं.

दहा-बारा दिवस असे गेले. एका सकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते आणि सून आतून धावत आली. तिनं नुसता नकाशा माझ्यापुढं धरला. आमचा रस्ता निळा होता. पुलावरचं ते गोल चिन्ह गेलं होतं. मी मालकांना हाक मारली, ते पिठाच्या हातांनीच आले. बघितलं, आणि म्हणाले, "पीठ जास्त मळू का?"

त्या दिवशी कुणी आलं नाही. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दोन गाड्या वळून दारात उभ्या राहिल्या. हैदराबादच्या. आठ-दहा माणसं उतरली, बाया, लेकरं, एक आजोबा. ड्रायव्हर फोन बघत उतरला.

"रस्ता खुला है?" मी मुद्दाम विचारलं.

"मॅप में खुला बतारा, अम्मा," तो म्हणाला.

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. फाट्यावर मी घसा फोडून हेच सांगत होते ना? पण मी ते गिळलं आणि विचारलं, काय देऊ? आजोबा म्हणाले, दर्शनाला निघालोय, पिठलं असेल तर द्या. मालक आत भाकरी थापायला बसले होते. तो थापण्याचा आवाज कितीतरी दिवसांनी असा न थांबता येत होता. मी पिठलं ढवळत होते आणि माझे डोळे भरून आले होते. मी ते पुसले नाहीत, धुराचं निमित्त होतंच.

माणसं जेवून गेली. पण माझा जीव भांड्यात पडला नव्हता. गाडी एकदा गेली म्हणजे रस्ता आपला झाला असं मी मानत नाही. परतताना नकाशानं त्यांना दुसरीकडून पाठवलं तर? मी तरीही शेजारच्या खाटिकाकडून मटण आणलं. सून म्हणाली, कुणी आलं न्हाय तर? मी म्हटलं, आपण खाऊ. दुपारी तीनला त्याच दोन गाड्या तुळजापूरकडून परत आल्या. आजोबांच्या कपाळावर कुंकू होतं आणि लेकरांच्या हातात कवड्यांच्या माळा होत्या. आजोबा खाली उतरता उतरताच मोठ्यानं म्हणाले, "अब मटण खिलाव, अम्मा!"

मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मी आयुष्यात मोजक्या वेळा भोगलाय. रस्ता दोन्ही अंगांनी उघडला होता. आमचा नियम परत सुरू झाला होता. चाचा दुकानातून ओरडले, "ताई, जितली तुमी!" मी म्हटलं, "आपुन समदे जितलो. तुमचा फोनबी."

नवरात्रात तर आम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. खंडेनवमीला मालकांनी तवा, परात, उलथणं घासूनपुसून पाटावर मांडलं. चाचा आपली कात्री घेऊन आले, म्हणाले, हिनं पूल उघडलाय, हिचीबी करा. मालकांनी सुनेकडून फोन मागून घेतला आणि तव्याशेजारी ठेवला. त्यावर हळदी-कुंकू वाहिलं, तेव्हा सून ओरडली की आत जाईल. ते म्हणाले, "जाऊ दे. त्यानंबी वर्सभर काम केलंय." वर्ष कुठलं, महिना झाला होता, पण मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

त्याच दुपारी लेक पुण्याहून आला. गाडी दारात थांबली तरी आतून त्या नकाशातल्या बाईचा आवाज येत होता, तुमचं ठिकाण आलंय म्हणून. मी कंबरेवर हात ठेवले.

"ह्या रस्त्यावर लहानाचा मोठा झालास. आपल्याच घरी यायला नकाशा लावलास व्हय रं?"

तो खाली उतरला. त्याची नजर ढाब्यातल्या गर्दीवर होती, मग बापाच्या पिठाच्या हातांवर गेली.

"वाट म्हाईत हुती, आई," तो म्हणाला. "तुमचा रस्ता त्यात बघायचा हुता. फाट्यापासनं बघत आलो."

पुण्याचा विषय त्यानं काढला नाही. गल्ल्याशेजारचं कुलूप उचलून बघितलं आणि विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, सरपणाच्या खोलीला लागतंय. त्यानं ते नेऊन तिथं लावलं.

तेवढ्यात त्याच्या हातातल्या फोननं काहीतरी विचारलं. सकाळी पुलापाशी सोयाबीनची ट्रॉली बंद पडली होती, ते कुणीतरी नोंदवलं होतं. ट्रॉली केव्हाच हलली होती. फोन विचारत होता, इथं अडथळा अजून आहे का? लेकानं बोट पुढं केलं. मी त्याचा हात बाजूला सारला.

"सर तिकडं," मी म्हणाले. "रस्ता माजा हाय. म्या सांगते त्याला."

आणि मी बेसन लागलेल्या बोटानं 'नाही' दाबलं.